संपलेली शाई
"डबा रिकामा म्हणून कुणी सांगितलं, तरी आधी हलवून बघावा, सूनबाई." सासूबाईंचं सांगणं आठवून तिने प्रिंटरमधली शाईची डबी कानाशी धरून हलवली. आत डचमळलं. पडद्यावर मात्र 'शाई संपली' हेच पालुपद. डबी घेऊन तिने दुकान गाठलं. "काकू, कंपनीने संपली म्हटलं की संपली. ही डबी आता मिळतही नाही, नवा प्रिंटरच घ्या," दुकानदार म्हणाला. "मग डचमळतंय ते काय, तीर्थ?" तो हसला, पण बोट नव्या खोक्याकडेच होतं. शाई संपलेली नाहीच, याला फक्त नवं खोकं खपवायचंय, अशी तिच्या मनात पाल चुकचुकली. उद्या सासूबाईंचं ऑपरेशन. त्याआधी त्यांची रोजची प्रार्थना त्यांच्या अधू डोळ्यांना दिसेल एवढ्या ठसठशीत अक्षरांत छापून द्यायचा तिने शब्द दिला होता. घरी येऊन तिने डबी वाटीवर फोडली. तळ काळाभोर झाला. लेकीचा कुंचला 'संपलेल्या' शाईत बुडवून तिने सावकाश पहिलं अक्षर काढायला घेतलं.