शेतीचा गेम

शेतीच्या ज्या व्हिडिओ गेमपायी नीलेश कॉलेजात असताना जेवणखाण विसरायचा, तो नोकरी लागल्यावर त्यानं मोठ्या हौसेनं घरी आणला. पण हल्ली ट्रॅक्टर सुरू केला की त्याला जांभया यायच्या. शेवटी नेरळच्या मित्राला देऊन टाकावा म्हणून तो वायरी गुंडाळायला बसला. गेमवरून रोज त्याचा उद्धार करणारी आई आता तरी खूश होईल, असं त्याला वाटलं.

"कंटाळलास काय रं?" मोतीबाईनं दारातून विचारलं.

"हो आई. रोज रोज कोण नांगरत बसणार?"

"आपल्या शेताचाबी तुला असाच कंटाळा आला, नि तिथं बिल्डिंग उभी राहिली." हसत हसत तिनं त्याच्या हातातली वायर काढून घेतली. "हा गेम कुणाला द्यायचा नाय. तू कामावर गेलास का मीच बसते. माझं भात कापणीला आलंय."