भिवाईची ओळख

"दगड एकदाच बोलतो, मावशी. ऐकला की आवाजाचा तो थर पुसला जातो," प्रयोगशाळेतल्या देवयानीने बजावलं.

भिवाबाईने मान डोलावली. गावदेवी भिवाईची मूर्ती देवळातून चोरीला गेली तेव्हा भिवाबाई आईच्या पोटात होती, आणि आई बाळंतपणातच गेली. साठ वर्षांनी मूर्ती परदेशात एकाच्या दिवाणखान्यात सापडली, पण तो ती आपलीच म्हणून अडून बसला. म्हणून गावाजवळच्या एका सिमेंट कंपनीने खर्च उचलून दगडात मुरलेले आवाज ऐकवणारं हे यंत्र आणलं होतं. ओळख पटवायला देवीची पूजा करणाऱ्या गुरवाच्या घरातलं भिवाबाईशिवाय दुसरं कोणी उरलंच नव्हतं.

तपासणीपुरत्या इथे आणलेल्या मूर्तीला लावलेलं यंत्र सुरू झालं. आधी पाण्याची धार ऐकू आली, मग एका तरण्या बाईचा लटका राग.

"हलू नको गं! न्हाताना रोजचीच कटकट तुझी. आणि ही पोटातली तुझ्याहून द्वाड, कशी लाथा मारतेय बघ. पोरगी झाली ना, तर तुझंच नाव ठेवीन, भिवाई."

पुढे काहीच नव्हतं.

"ओळखीचा आहे आवाज?" देवयानीने विचारलं.

"आज पहिल्यांदाच ऐकला," भिवाबाई म्हणाली. "माझी आई आहे ती."

"मग झालं, मावशी! देवी आता तुमच्याच गावाला जाणार."

भिवाबाई उठली नाही. तिने मूर्तीच्या पोटाला कान लावला आणि डोळे मिटून घेतले.

"ताई, तेवढं यंत्र बंद करा," ती हळूच म्हणाली. "त्याची घरघर मध्ये येते."