उलट्या गिरकीचा सूर्य

दोघी बहिणी ताईच्या घरी कुकीज करून विकायच्या, पण उन्हाळ्यातल्या कुकीजवर आयसिंगचा सूर्य काढावा तो धाकटीनेच. ती डावखुरी, त्यामुळे तिची गिरकी उलटी फिरायची आणि शेवटी हमखास शेपटी सुटायची. "तुझा सूर्य उलटाच उगवतो बाई!" ताई चिडवायची.

ऐन हंगामात धाकटीचा डावा हात मुरगळला. ती हात गळ्यात बांधून आपल्या घरी बसली. ताईने एकटीने सगळा डोलारा सांभाळला, वर रोज तिच्याकडे जाऊन तिची वेणीही घालून दिली.

आज ताईचा नवरा कोपऱ्यावरच्या नव्या बेकरीतून डबा घेऊन आला. "बघ, तुमच्या तोडीस तोड आहेत."

डब्यात सगळे सूर्यच. उलट्या गिरकीचे, शेपटीसकट.

'हात दुखावण्याआधीचे असतील,' अशी मनाची समजूत घालत ताईने एका सूर्यावर बोट टेकवलं. आयसिंग अजून ओलं होतं. पिवळा रंग बोटाला लागला.

तेवढ्यात धाकटीचा फोन आला.



"ताई, आज हात फारच ठणकतोय गं. वेणी घालायला जरा लवकर येशील?"