कोंबडीचे पाय

“आधी अक्षर सुधार,” असं म्हणत बाई शलाकाचा निबंध नेहमी अर्धाच वाचून परत करत. सातवीचा अख्खा वर्ग तिच्या अक्षराला ‘कोंबडीचे पाय’ म्हणायचा.

आज मात्र प्रत्येकापुढे लॅपटॉप होता. ‘शाळेच्या घंटेचं मनोगत’ सगळ्यांनी टाइप केलं आणि सगळे निबंध नावांशिवाय बाईंच्या पडद्यावर आले.

त्यातला एक बाई मोठ्याने वाचू लागल्या. वर्ग आधी खदखदून हसला, मग चिडीचूप झाला. बाईंचं लाल पेन टोपणातच राहिलं.

“कुणाचा गं हा?”

माना पहिल्या बाकाकडे वळल्या. उठली मात्र शेवटच्या बाकावरची शलाका.

बाईंनी खडू पुढे केला. “ये, लेखिकेचं नाव फळ्यावर लिही.”

फळाभर कोंबडीचे पाय उमटले. या खेपेला हसली ती एकटी शलाकाच.