चौकापर्यंत

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर विश्वनाथकाकांचं उजवं पाऊल उचलेनासं झालं. फिजिओथेरपिस्ट हिमानी रोज त्यांच्या लकडगंजातल्या घरी यायची, गुडघ्याखाली मशीनचा पट्टा बांधायची. हलका करंट लागला की पाऊल वर उठायचं आणि काकू त्यांचा हात धरून अंगणभर चालायच्या. एका पहाटे काकूच झोपेत गेल्या. निरोप मिळताच हिमानी धावत आली. तिरडी उचलताना मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही गाडीत बसा." काकांनी हिमानीकडे पाहिलं. "मशीन आणलं काय वं, पोरी?" "घाट दूर आहे, काका." "तुही काकू आठ महिने माह्यासंगं चालली. मले चौकापर्यंत तरी जाऊ दे." तिने रडतच पट्टा बांधला. काका तिरडीमागे एकेक पाऊल टाकत निघाले. चौकात पाय लटपटला, खांदेकरी थांबले. काकांनी काकूंच्या पावलांवर हात ठेवला. "आता तू हो समोर, मी येतो हळूहळू."