निळी बाटली

"दोन बाळं, म्हणजे दोनदा सुई," डॉक्टर म्हणाले.

"सुईचं भय मला नका घालू. उभा जन्म सुईदोऱ्यात गेलाय माझा," टेलरबाई म्हणाली. नवरा हसला, पण तिचा हात त्यानं घट्ट धरून ठेवला होता.

पहिलं मूल दीड वर्षाचं असताना दगावलं होतं. आजार रक्ताचा, आईबापांकडूनच आलेला. या जुळ्यांपैकी कुणालाही तो असू शकत होता. पोटातलं पाणी तपासलं की कळणार होतं; पण सुईनं एखादं बाळ हातचं जाऊही शकतं, हे डॉक्टरांनी लपवलं नाही.

सिस्टरनं ट्रेमध्ये एक निळी बाटली ठेवली.

"हे काय?"

"रंग," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही बाळांच्या पाण्याच्या पिशव्या वेगळ्या आहेत. पहिल्या बाळाच्या पिशवीत थोडासा सोडतो. दुसऱ्यांदा निळं पाणी आलं, तर सुई परत त्याच पिशवीत गेली असं समजायचं."

"बाळाला बाधतो?"

"सहसा नाही."

त्या 'सहसा'वर तिनं ट्रे दूर सारला. "मग नकोच. तुम्हाला पडद्यावर दिसतं ना?"

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं. "दिसतं. दहा वर्षं हेच करतोय."

बाटली न उघडताच कपाटात गेली. दोन नळ्या भरल्या, दोन्हींतलं पाणी स्वच्छ. टेलरबाई आठवडाभर जीव मुठीत धरून पडून राहिली, पण काही झालं नाही.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आले. दोन्ही मुली (तेव्हा हे सांगायला बंदी नव्हती), दोघींनाही आजार नाही. ती ढसाढसा रडली आणि त्याच दुपारी एका कापडातून दोन फ्रॉक बेतले.

पुढच्या प्रत्येक सोनोग्राफीत एक बाळ पाय आवळून, पाठ करून बसायचं.

"लाजरी आहे," डॉक्टर म्हणायचे.

"कुणावर गेली कोण जाणे," सासूबाई म्हणायच्या. "आईच्या तोंडाला तर कुलूप नाही."

नऊ महिने भरले. पहिली मुलगी टाहो फोडतच आली. चार मिनिटांनी डॉक्टरांनी दुसरं बाळ उचललं आणि टेबलावरच्या फाइलीकडे पाहिलं.

"अगं बाई, हा तर मुलगा!" बाळंतपणाच्या खोलीतली नवी सिस्टर खुशीत ओरडली. "फाइलीत दोन मुली लिहिल्यात की! लॅबवाल्यांनी चांगलंच फसवलं."

दाराबाहेर सासूबाई हसल्याचं ऐकू आलं.

टेलरबाईनं मान वळवली. डॉक्टर तिच्याकडे बघत नव्हते.

"डॉक्टर," ती म्हणाली, "ती निळी बाटली... म्हणजे याचं पाणी तपासलंच नाही ना?"