न धुतलेला स्वेटर

"घरातल्या माणसाचा वापरातला कपडा द्या, न धुतलेला," प्राण्यांच्या निवाऱ्यातल्या बाई शैलजाला म्हणाल्या होत्या. "त्याच्या अंथरुणात ठेवतो. वासाची ओळख झाली की कुत्रा नव्या घरात लवकर रुळतो."

शैलजाने नवऱ्याचा स्वेटर नेऊन दिला. नवरा जाऊन वर्ष झालं तरी तिने तो धुतला नव्हता. घराचा वास म्हटल्यावर तिला दुसरं काही सुचलंच नाही.

आज म्हातारा भुऱ्या घरी आला आणि तिच्याकडे न बघताच आत शिरला. पलंगाखाली डोकावला. कपाटाच्या फटीला नाक लावून कितीतरी वेळ कुंईकुंई करत राहिला. आपण काय करून बसलो, ते तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. तो त्या स्वेटरवाल्या माणसाला शोधत होता.

"नाहीयेत रे ते," ती म्हणाली. भुऱ्याने वळूनही पाहिलं नाही.

तिन्हीसांजेला तो गॅलरीतल्या रिकाम्या वेताच्या खुर्चीपाशी थबकला. त्याची शेपूट हलू लागली. खुर्चीच्या कडेवर त्याने हनुवटी टेकली, डोळे मिटले, आणि कुणी डोक्यावरून हात फिरवावा तसे त्याचे कान मागे झुकले. पुन्हा झुकले.

शैलजा गॅलरीच्या दारापर्यंत आली. दाराची चौकट धरून ती कशीबशी म्हणाली, "अहो, त्याला सांगा ना, मीही याच घरातली आहे."

भुऱ्याने डोळे उघडून वर पाहिलं. मग सावकाश चालत आला आणि तिच्या पायांवर अंग टाकून बसला.

गॅलरीत खुर्ची करकरली, कुणी उठल्यावर करकरते तशी.